नाही म्हणायची रीत

भोकरदन
९ जून १९७४

चि. संपत यास,
आत्याचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

मार्चपासून तुला पत्रावर पत्रं लिहून राह्यले आणि तुझं आलं ते एक कार्ड. त्यात काय, तर पुण्याची हवा आणि खानावळीतली पाण्यासारखी डाळ. मंग कुणाकडून तरी निरोप धाडलास की रेल्वेच्या संपात टपाल अडकलं. अरे बाबा, संप मिटला कधीचा. आमच्या भोकरदनला पेपर सुद्धा बराबर येऊन राह्यला. तेव्हा हा बहाणा आता बंद कर.

इकडं सगळे ठीक. उद्या शाळा उघडते. टेकाडावर खोदकाम करणारी मंडळी मागंच गेली, पण खड्डे ठेवून गेली, आणि आमची पोरं त्यात लपंडाव खेळतात. तिथं निघालेल्या खापरांत काही पार यवनांच्या देशातली होती म्हणे. तू त्यांचीच भाषा शिकून राह्यलास, तर ते इथं काय विकत होते ते एकदा येऊन सांग. तुझे वडील परवा राजूरहून आल्ते. मशीनचा पट्टा बदलला, आता शिलाई जोरात चाललीय. वहिनीचे गुडघे तसेच आहेत.

आता कामाचं. वाटूरचं काय? तू, मी, अप्पादादा आणि वहिनी, आपण चौघं मार्चमध्ये तातेरावांची कौसल्या बघायला गेल्तो. पोहे खाल्ले, चहा पिला, आणि निघताना दादानं म्हटलं की घरी जाऊन कळवतो. ते 'कळवतो' अजून तसंच लटकलंय. दादाला विचारलं तर तो म्हणतो पोरगा म्हणेल तसं. आणि पोरगा तर काही म्हणतच न्हाई. सगुणाबाई, म्हणजे कौसल्याची आई, माझी लहानपणची मैत्रीण. तिनं माझ्या शब्दावर दार उघडलं होतं, तुझ्या पदवीवर न्हाई.

आणि गोष्ट आता नुसती लाजेची राह्यली न्हाई. कौसल्या डी.एड. झालेली आहे हे तुला माहीत आहे. तिला जिल्हा परिषदेची ऑर्डर आली, कळमनुरी तालुक्यातल्या एका खेड्याची. पंधरा जुलैच्या आत रुजू व्हायचं, नसता ऑर्डर रद्द. तातेराव म्हणतात, लग्न आपल्या बाजूला ठरत असलं तर पोरीला इतक्या लांब कशाला धाडायची, पुढं इकडंच कुठं बघू. म्हणजे ते तुझ्या उत्तरासाठी पोरीला घरात बसवून राह्यले. एकदा हातची ऑर्डर गेली की दुसरी कधी मिळते हे मला विचार. मी शाळेत बिनपगारी किती वर्षं काढली ते तू लहान होतास म्हणून तुला ठाऊक न्हाई.

मला एक गोष्ट फार दिवसांपासून सलते. छप्पन सालाआधी आपल्यातही नावरास बघायचे. पोरगी पसंत नसली की जोशाच्या तोंडून म्हणायचं, नावरास जुळत न्हाई. झालं. कुणाचा अपमान न्हाई, कुणाची वाट बघणं न्हाई. पोरीत खोट न्हाई, पोरात खोट न्हाई, सगळा दोष आभाळातल्या चांदण्यांचा. मंग आपण रास सोडली, नक्षत्र सोडलं, जोशी सोडला. फार चांगलं केलं. पण 'न्हाई' म्हणायची नवी रीत काही कुणी बसवली न्हाई. आता आपल्यात जो तो 'कळवतो' म्हणतो आणि गप बसतो. समोरच्यानं किती दिवसांत समजून घ्यायचं ते त्याचं त्यानं ठरवावं.

तर जल्दी लिही. हो असेल तर हो, न्हाई तर न्हाई. माझा लोभ आहेच, तो किती टिकवायचा ते तुझ्या हातात.

तुझी आत्या,
प्रभावती


पुणे
१३ जून १९७४

ती. आत्यास,
स. ज. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुझं पत्र वाचताना तू समोर उभी आहेस आणि हातात छडी आहे असंच वाटतं.

योगायोग बघ, तुझं पत्र आलं त्याच दिवशी पालीच्या जोडीला घेतलेल्या ग्रीकच्या तासाला आमच्या सरांनी जो शब्द शिकवला तो तुझ्यासाठीच घडवलाय असं वाटलं. शब्द आहे 'आपोतोमोस'. हे क्रियाविशेषण आहे. एखादा माणूस आपोतोमोस बोलला म्हणजे रोखठोक बोलला, आडपडदा न ठेवता, काहीसं कठोरपणे. सर फोड करून सांगतात तेव्हा मजा येते. यातलं 'आपो' म्हणजे आपलाच 'अप', पालीतला आणि संस्कृतातला. अपहरणातला अप, दूर करणारा. आणि 'तोमोस' आला 'तेम्नो' या धातूपासून, त्याचा अर्थ कापणं. म्हणजे मुळात 'कापून वेगळं केल्यासारखं'. गेल्या महिन्यात राजस्थानात स्फोट झाल्यापासून जो तो ॲटम ॲटम करतोय ना, तो ॲटमही याच घरातला. तिथं 'अ' नकाराचा. ज्याला कापता येत नाही तो ॲटम. एकाच धातूची दोन पोरं, एक कापणारं आणि एक न कापलं जाणारं.

आणखी गंमत म्हणजे हा शब्द आधी बोलण्याचा नव्हताच, डोंगराचा होता. जिथं उतार संपतो आणि एकदम खाली दरी असते त्या कड्याला ग्रीक लोक याच शब्दाचं विशेषण लावत. पुढं ते माणसाच्या स्वभावाला लागलं, मग न्यायाधीशाच्या निकालाला, मग बोलण्याला. आमच्या इंग्रजी कोशात याला जो प्रतिशब्द दिलाय त्याचा सरळ अर्थ 'बोथट' असा होतो. मी सरांना विचारलं की ग्रीकांची धार इंग्रजांकडे येईपर्यंत बोथट कशी झाली. सर हसले आणि म्हणाले, प्रत्येक समाज आपापल्या सुरीनं खरं बोलतो.

आता वाटूरचं. आत्या, तुला खरं सांगतो, माझा विचार नाही. कौसल्येत काही उणं नाही. उणं असतं तर बरं झालं असतं, सांगायला काहीतरी सापडलं असतं. तासभर आम्ही एका खोलीत बसलो होतो आणि मला तिच्याशी लग्न करावंसं वाटलं नाही, एवढंच. याला कारण म्हणून काय लिहायचं? शिक्षण चालू आहे हे खरं आहे, पण आवडली असती तर शिक्षणाची अडचण मीच दूर केली असती. तेव्हा तू तातेरावांना, त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेतानं, कळवून टाक. तुला ते जमेल. तू या बाबतीत मोठी आहेस.

रागासकट लोभ असू द्यावा.

तुझा,
संपत


भोकरदन
१७ जून १९७४

चि. संपत यास,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मंग डोकं फिरलं. कमाल आहे रे तुझी! दीड पान ग्रीक, आणि पोरीच्या आयुष्याला शेवटच्या चार ओळी. कडा काय, दरी काय, ॲटम काय. आणि तो शब्द शिकायला तुला पुण्याला जावं लागलं? आपण 'तोडून बोलला' म्हणतो ते दुसरं काय आहे? डोंगराचा कडा तुटलेला असतो असंही आपणच म्हणतो. माझ्याच तोंडचा माल तू मला परदेशी चिठ्ठी लावून परत धाडलास.

पण एक गोष्ट तुझ्या सरांनी बरी काढली, ती धारेची. तुझा बाप शिंपी आहे, त्याला काम करताना तू लहानपणापासून बघितलंस. तो कापड बेतायला किती वेळ लावतो! खडूनं रेघ ओढतो, पुसतो, परत ओढतो. गिऱ्हाईक कंटाळतं. पण एकदा कात्री लावली की मधी थांबत न्हाई. मधी थांबलं की कापड चावल्यासारखं होतं आणि मंग ते कडेनं उसवतच राहतं. आणि कात्रीला धार नसली तर कापडाचे हाल बघवत न्हाईत. तू मार्चपासून वाटूरच्या लोकांवर तसली कात्री चालवून राह्यलास आणि वर म्हणतोस की त्यांना वाईट वाटू नये.

मी कळवणार न्हाई. साफ सांगते. पोरगी बघायला तू गेल्तास, पाय तुझे होते. बेतानं सांगायचं काम माझ्याकडं लावून तू चांगला राहणार आणि मी सगुणाबाईच्या दारात वाईट होणार, हे बिलकुल चालणार न्हाई. तू स्वतः तातेरावांना लिही. पंधरा जुलै ध्यानात ठेव. पत्रात काय लिहायचं ते एका ओळीत मावतं.

वहिनीला मी अजून काही बोलले न्हाई. तिनं सुनेसाठी हिरवं पातळ घेऊन ठेवलंय, तेही तुलाच सांगायचंय.

लोभ आहे, धीर संपत आलाय.

आत्या


पुणे
२१ जून १९७४

ती. आत्यास,
स. ज. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. तातेरावांना आज पत्र टाकलं. सुटलो एकदाचा!

एका ओळीत मात्र नाही जमलं. बसलो होतो एका ओळीसाठीच, पण ती ओळ कागदावर एकटी पडली की इतकी उघडी वाटायची की तिच्या अंगावर काहीतरी घालावंसं वाटायचं. म्हणून आधी त्यांच्या पाहुणचाराबद्दल लिहिलं. कौसल्येच्या शिक्षणाचं, तिच्या शांत वागण्याचं मनापासून कौतुक केलं, ते खोटं नव्हतं. मग माझी परिस्थिती लिहिली. पालीचं एम.ए. संपायला वर्ष आहे, पुढं संशोधनाचा विचार आहे, वसतिगृहात राहतो, आज संसाराची जबाबदारी घ्यायला मी लायक नाही, आपल्यासारख्या थोरांच्या अपेक्षा पूर्ण करायला मला फार काळ लागेल, तेव्हा आपण माझ्याविषयी गैरसमज करून घेऊ नये. वाचणाऱ्याला अर्थ कळेल आणि टोचणार नाही असं पत्र झालंय. खोलीतल्या मित्राला वाचून दाखवलं, तो म्हणाला की असा नकार मिळाला तर मी आभाराचं पत्र लिहीन.

त्या शब्दाचं आणखी एक कळलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका पत्रात तो आलाय. एक वडीलधारा माणूस दूर बेटावर काम करणाऱ्या आपल्या माणसाला लिहितो की तिथल्या लोकांना आपोतोमोस समज दे. मी सरांना म्हटलं, फारच कठोर दिसतो हा म्हातारा. सर म्हणाले, पुढं वाच. पुढं असं होतं की ते लोक धड व्हावेत, बरे व्हावेत, म्हणून. मी त्यावर बराच वेळ विचार करत बसलो होतो. शब्दात कापणं आहे, पण कशासाठी कापायचं ते शब्द सांगत नाही, ते पत्र लिहिणाऱ्यानं सांगावं लागतं.

आईला पातळाचं मी आलो की सांगेन. लोभ पूर्ववत व्हावा.

तुझा,
संपत


वाटूर
२७ जून १९७४

सौ. प्रभावतीबाई यांस,
तातेरावचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडील सर्व खुशाल, आपली खुशाली कळवत जावी. पत्रास कारण की परवा संपतरावांचं पत्र आलं. बाई, काय पत्र आहे! मी ते दोन वेळा मोठ्यानं वाचून दाखवलं, एकदा घरात आणि एकदा पारावर. इतकं शिकून पोरानं किती नम्रतेनं लिहिलं. म्हणतात मी लायक न्हाई, मला वेळ लागेल, गैरसमज करू नका. आजकाल कोण असं लिहितं? दुसरा असता तर स्कूटर मागितली असती.

त्यांच्या जिवाला जी काळजी लागली ती आम्ही ओळखली. वेळ लागतो तर लागू द्या. एक वर्ष काय अन् चार वर्षं काय, आम्ही थांबू. शिक्षण आधी, हे आम्हाला बाबासाहेबांच्या लेकरांना कुणी सांगायला नको. पोरीला मी म्हटलं की आता कळमनुरीचं राहू दे. तू तिकडं अडकून पडलीस तर पुढं बदलीची भानगड होईल. सगुणाबाई फार खूश आहे. ती म्हणते की प्रभावतीनं शब्द पाळला.

आपण एकदा येऊन जावं. संपतरावांना मी वेगळं लिहितोच, पण त्यांच्या अभ्यासात आडकाठी नको म्हणून घाई करत न्हाई. घरोबा असाच वाढत जावा.

आपला,
तातेराव


भोकरदन
१ जुलै १९७४

चि. संपत यास,
जयभीम. वि. वि.

सोबत तातेरावांचं पत्र धाडते. आधी ते वाच आणि मंग माझं.

वाचलंस? आता कळलं काय केलंस ते? तू 'न्हाई'ला इतके कपडे घातलेस की ते त्यांच्या दारात नवरदेव होऊन उभं राह्यलं. तू लिहिलंस मला वेळ लागेल, आणि साध्या माणसानं त्याचा साधा अर्थ घेतला की बरं, आम्ही थांबतो. त्यांचं काय चुकलं? ऑर्डर आता देव्हाऱ्यातल्या कागदासारखी बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवून दिलीय. मी डोळ्यानं बघून आले.

होय, बघून आले. काल रविवार होता. पत्र शनिवारी मिळालं, रात्रभर चिडले, आणि सकाळच्या गाडीनं जालना करून वाटूरला गेले. ठरवून गेल्ते की उंबऱ्यातच सांगायचं, पाणी सुद्धा नंतर प्यायचं. तुला माहीत आहे, मी हेडमास्तरांना तोंडावर बोलते, सभापतीला बोललेली आहे. बसमधी वाक्य सुद्धा तयार केलं होतं.

सगुणाबाई मला बघून पळत आली आणि गळ्यात पडली. तिनं शेजारणींना बोलावलं. पुरण घातलं होतं. तातेरावांनी तुझं पत्र घडी उलगडून मला परत वाचून दाखवलं, 'आपल्यासारख्या थोरांच्या' ही ओळ तर दोनदा वाचली. त्या माणसाला आजवर कुणी थोर म्हटलं नसेल रे. मी पुरणपोळी खाल्ली. दोन खाल्ल्या. संपत, मी काही बोलले न्हाई.

निघताना कौसल्या मला फाट्यापर्यंत सोडायला आली. फाट्यावर आल्यावर तिनं मला सरळ विचारलं की संपतरावांना खरंच थांबायला सांगायचंय का दुसरंच काही म्हणायचंय. म्हणाली की पत्र तिनंही वाचलंय आणि तिला त्यात कुठंच 'हो' दिसलं न्हाई. म्हणाली की बाई, तुम्ही खरं बोलता असं आई सांगते, म्हणून तुम्हाला विचारते. आणि मी काय केलं? मी म्हटलं, बघ गाडी आली. गाडी अजून लांब होती.

जालन्यापर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते. मला माझीच शरम वाटून राह्यली. आजपर्यंत मी जे तोडून बोलले ते सगळं अशा लोकांना, ज्यांचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं. जिथं खरंच कुणाचं काही अडलं होतं तिथं मी पोळी खात बसले. तुझी आत्या किती तिखट आहे ते आता तुला कळलं.

तेव्हा आता रागवायचा मला काही हक्क न्हाई, पण सांगायचा आहे. बापाला लिहू नकोस. बाप परत त्यातून थोर होईल. पोरीच्या नावानं लिही. तिला सगळं कळलंय, तिला फक्त तुझ्या हातचं पाहिजे, म्हणजे ती ते घरात दाखवू शकेल आणि फोटोमागची ऑर्डर काढू शकेल. जल्दी कर. चौदा तारखेला तिला गाडीत बसायचंय.

आत्या


पुणे
५ जुलै १९७४

कु. कौसल्या यांस,
जयभीम.

मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. हे मी मार्चमध्येच सांगायला हवं होतं. माझ्या पत्राचा तुमच्या वडिलांनी जो अर्थ घेतला त्यात त्यांची चूक नाही, माझी आहे. माझ्यासाठी कुणी थांबू नये. तुमची ऑर्डर आहे, तिथं रुजू व्हावं.

संपत अप्पाराव


पुणे
९ जुलै १९७४

ती. आत्यास,
स. ज. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी कौसल्येला पत्र टाकलं. पाच वाक्यं. टाकल्यावर पेटीपाशी उभाच राहिलो. हात घालून परत काढता आलं असतं तर काढलं असतं.

लिहिताना फार शिकलो. प्रत्येक वाक्यानंतर माझा हात आपोआप 'परंतु' लिहायला जायचा. 'परंतु आपण फार गुणी आहात', 'परंतु आपलं भलं होवो'. ते 'परंतु' कुणासाठी होते याचा मी विचार केला. तिच्यासाठी एकही नव्हता. सगळे माझ्यासाठी, तिनं मला चांगला म्हणावं म्हणून. ते एकेक करून गाळले आणि उरलं ते पाठवलं. जुना ग्रीक माणूस कड्यासाठी हा शब्द का वापरत असेल ते थोडं कळलं. उतारावर माणसाला वाटत राहतं की अजून जमीन आहे, अजून चार पावलं जाता येईल. कडा तसं काही वाटू देत नाही. वरून बघणाऱ्याला तो भयंकर दिसतो, पण निदान तो कुठं आहे हे दिसतं.

तुझ्या पुरणपोळीबद्दल मला हसू आलं नाही. उलट बरं वाटलं, की आपण एकाच घरचे आहोत. तू स्वतःला इतकं बोल लावू नकोस.

एक सांगायचं राहिलं. त्या पत्रानंतर दोन दिवस चैन पडेना. फारच कोरडं लिहिलं असं वाटत राहिलं. म्हणून काल तिला आणखी एक पत्र लिहिलं, जरा सविस्तर. माझी मनःस्थिती काय होती, उशीर का झाला, मला किती वाईट वाटतंय, हे सगळं. तिनं मला माफ केलं की मी मोकळा होईन.

लोभ आहे तसाच राहावा.

तुझा,
संपत


तालुका कळमनुरी
२८ जुलै १९७४

श्री. संपतराव यांस,
जयभीम. वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं दहा तारखेला आलं. बाबा शेतात होते. पोस्टमननं पाकिटावरचं नाव बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि माझ्या हातात दिलं. मी दारातच उभ्यानं वाचलं. खोटं कशाला लिहू, फार लागलं. कागद चुरगाळला, मग परत सरळ केला, कारण तो घरात दाखवायचा होता.

बाबा आल्यावर मी त्यांना तो वाचून दाखवला. आधीचं पत्र त्यांनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, म्हणून हेही मी मोठ्यानंच वाचलं. आई रडली आणि तुमच्या आत्याबाईंना खूप बोलली. बाबा जेवले नाहीत. सकाळी उठून त्यांनी स्वतःच फोटोमागून ऑर्डर काढली आणि माझी पेटी बांधायला घेतली. चौदाला आम्ही निघालो, रात्री शाळेच्या ओसरीत झोपलो आणि पंधराला मी रुजू झाले. बाबा दोन दिवस राहिले. जाताना त्यांनी शाळेचं छप्पर कुठं गळतं ते बघून पत्र्यावर दगड ठेवून दिले. तुमच्याबद्दल ते वाईट बोलले नाहीत, पण थोर हा शब्द आता आमच्या घरात कुणी काढत नाही.

इथं दोन खोल्या आणि चार वर्ग आहेत. पहिलीत मुली फार थोड्या. मी दुपारून घरोघर फिरते आणि विचारते की पोरीला शाळेत घालता का. लोक मला चहा देतात आणि बघू म्हणतात. मी तिथंच बसून राहते आणि सांगते की 'बघू' नको, हो किंवा नाही सांगा, म्हणजे मला उद्या परत यायचं की नाही ते कळेल. बहुतेक जण नाही म्हणतात. दोघी आल्या आहेत.

तुमचं दुसरं पत्र चार पानांचं आहे. पहिलं पान मी वाचलं, पुढची वाचली नाहीत. ती या पत्रासोबत परत पाठवते. तुम्हाला किती वाईट वाटलं ते मी वाचावं आणि असू द्या म्हणावं, अशी तुमची इच्छा दिसते. ते मी म्हणणार नाही. ते काम तुमचं आहे, तुम्ही करा. पहिल्या पत्राबद्दल मात्र सांगते. मार्चपासून आमच्या घरात तुमच्यावाचून दुसरा विषय नव्हता. तुम्ही काय म्हणाल, तुमचे वडील काय म्हणतील, बाबा काय लिहितील. इतकी पत्रं गेली-आली, पण माझ्या नावानं आलेलं पहिलं पत्र ते. त्यात नाही होतं, तरी माझ्या नावानं होतं. म्हणून ते ठेवलं आहे.

मला तुम्ही पसंत होतात की नाही, माझं उत्तर काय होतं, हे तुम्ही त्या दिवशी विचारलं नाहीत, कुणीच विचारलं नाही. आता मी ते सांगणार नाही.

लोभ असावा असं शेवटी लिहितात. मी लिहीत नाही. कधी जालन्याच्या स्टँडवर समोरासमोर आलो तर मान फिरवू नये, ओळख द्यावी. मीही देईन.

कौसल्या तातेराव
सहशिक्षिका